वारशात आलेली पोस्टाची तिकिटं: लावायची कशी आणि किंमत काढायची कशी

घरातल्या कुणाचा तिकिटांचा संग्रह तुमच्याकडे आला असेल तर पहिले आठ दिवस एकही तिकीट जागेवरून हलवू नका. अल्बम उघडा, बघा, मोबाईलवर पान न् पान फोटो काढून ठेवा, डबे जसे आहेत तसे वरून फोटो काढा, पाकिटांचे गठ्ठे ज्या दोरीने बांधलेत त्या दोरीसकट फोटो काढा. एवढंच. सॉर्टिंग नंतर.

हे इतकं आग्रहाने सांगतोय कारण मी उलटं केलं. माझे मोठे काका रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये सॉर्टर होते, बरीच वर्षं मनमाडला. ते गेल्यावर वर्षभराने काकूंनी लोखंडी ट्रंक माझ्याकडे दिली, म्हणाल्या तुला लहानपणी आवड होती, तूच बघ बाबा याचं काय ते. ट्रंकेत चार अल्बम, दोन स्टॉकबुकं (तिकिटं न चिकटवता पट्टीत खोचून ठेवायच्या वह्या), बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे भरून सुटी तिकिटं आणि तळाला जुन्या पाकिटांचे गठ्ठे. मला वाटलं पाकिटं म्हणजे रद्दी, तिकिटं तेवढी काढून घेऊ. एक अख्खा गठ्ठा, साधारण चाळीस पाकिटं, मी बादलीत भिजवून मोकळा केला. नंतर अल्बमच्या मागच्या कप्प्यात काकांची छोटी वही सापडली, त्यात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की कुठल्या गठ्ठ्यात कुठल्या आर.एम.एस. सेक्शनचे, म्हणजे रेल्वे डाकेच्या कुठल्या मार्गाचे, शिक्के आहेत. काकांनी तिकिटं जमवलीच नव्हती त्या गठ्ठ्यात, शिक्के जमवले होते, आणि शिक्क्याचा अर्धा भाग तिकिटावर आणि अर्धा पाकिटावर असतो. ती चाळीस तिकिटं आज माझ्याकडे आहेत, एकेक रुपयाची, आणि काकांनी वीस-पंचवीस वर्षं जे जुळवलं ते मी एका दुपारी मोडून टाकलं.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे की ज्याने जमवलं त्याने काय एकत्र ठेवलं होतं आणि का, ते आधी शोधा. संग्रहातली निम्मी माहिती मांडणीत असते. वही शोधा, अल्बमच्या कडेला पेन्सिलने लिहिलेले आकडे बघा (ते बहुतेक वेळा कॅटलॉग नंबर असतात, खोडू नका), जुनी बिलं, डीलरची पत्रं, फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंटची (नवी तिकिटं मिळावीत म्हणून पोस्टात पैसे भरून ठेवायचं खातं) पासबुकं किंवा पावत्या, सगळं एका पाकिटात वेगळं ठेवा. घरातल्या मोठ्यांना विचारा की ते तिकिटं कुठून आणायचे, परदेशात कुणाशी पत्रव्यवहार होता का. माझ्या काकूंना तिकिटातलं काही कळत नव्हतं पण "तो निळा अल्बम त्यांनी हैदराबादच्या एका गृहस्थांकडून घेतला होता" हे एक वाक्य त्यांनी सांगितलं आणि माझं महिनाभराचं काम वाचलं.

आता सामान. चिमटा पाहिजे, तिकिटांचा, चपट्या टोकाचा, भुवया उपटायचा नाही कारण त्याच्या धारेने कागद कापला जातो. दहापट दाखवणारं भिंग. काळ्या रंगाचा गुळगुळीत कार्ड किंवा टाईल. दाते मोजायची पट्टी, तिला पर्फोरेशन गेज म्हणतात, प्लास्टिकची स्वस्तात मिळते. एक-दोन स्टॉकबुकं आणि बटर पेपरसारखी पारदर्शक ग्लासिन पाकिटं. बस. स्टेशनरीच्या दुकानातले मऊ प्लास्टिकचे फोल्डर घेऊ नका, पीव्हीसी असेल तर काही वर्षांत ते तिकिटाला चिकटतं आणि शाई ओढून घेतं. आणि सेलोटेप, फेव्हिकॉल, लॅमिनेशन यातलं काहीही, कधीही नाही. लॅमिनेट करून आणलेलं तिकीट मी पाहिलंय, चांगलं होतं बिचारं, आता त्याला काही किंमत नाही.

पावसाळ्यात अल्बम उघडू नका. कोकणात, मुंबईत तर अजिबातच नाही. मिंट म्हणजे न वापरलेल्या, कोऱ्या तिकिटाच्या मागे डिंक असतो, हवेतल्या ओलीने तो पानाला धरतो आणि तुम्ही ओढलंत की तिकीट सोललं जातं. दिवाळीनंतरची कोरडी हवा सगळ्यात चांगली. पंखा बंद, हात कोरडे, टेबलावर चहा नाही.

सॉर्टिंग सुरू करताना लोक आधी देश लावायला बसतात, मी म्हणतो आधी तीन ढीग करा. पहिला, पाकिटं-पोस्टकार्डं-अंतर्देशीय, म्हणजे ज्यावर तिकीट अजून जागेवर आहे असं सगळं. दुसरा, अल्बम आणि स्टॉकबुकात लावलेलं. तिसरा, डब्यातलं सुटं. महत्त्वाचं काम पहिल्या दोनमध्ये असतं. डब्यातलं सुटं बहुतेक वेळा डुप्लिकेट असतं, अदलाबदलीसाठी ठेवलेलं, ते शेवटी बघा. पण आपण नेमकं उलटं करतो कारण डबा ओतला की रंगीबेरंगी ढीग दिसतो आणि मजा वाटते.

देश ओळखायला थोडी सवय लागते. मग्यार म्हणजे हंगेरी, हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, स्वेरिये म्हणजे स्वीडन, निप्पॉन म्हणजे जपान, एलास म्हणजे ग्रीस. ज्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राजा-राणीचं डोकं आहे, ते ब्रिटनचं. साठ-सत्तरच्या दशकात ज्यांनी आपल्याकडे शाळेत असताना तिकिटं जमवली त्यांच्याकडे हमखास मिळणार ती अजमान, फुजैरा, शारजा, उम्म अल कुवैन या आखाती अमिरातींची मोठी चकचकीत तिकिटं, आणि पोलंड, हंगेरी, रशियाची प्राण्यांची, अंतराळाची. यातली बरीच छापतानाच शिक्का मारून पाकिटातून विकायला काढलेली असतात, पोस्टातून कधी गेलेलीच नसतात. ओळखायची खूण अशी की शिक्का अगदी व्यवस्थित कोपऱ्यात आणि मागे डिंक तसाच. दिसायला सगळ्यात सुंदर हीच आणि किंमत जवळपास शून्य हीच, पण एखाद्या मुलाला छंद लावायला याच्याइतकं चांगलं काही नाही, तेव्हा फेकू नका.

आता भारत. इथे आपल्याला खरा वेळ द्यायचाय.

पैशावरून काळ पटकन कळतो. आणे-पै असेल तर १९५७ च्या आधीचं, कारण १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. "नये पैसे" लिहिलेलं असेल तर १९५७ ते १९६४ च्या मधलं. स्वातंत्र्याआधीचं असेल तर राजा बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ पर्यंत, मग सातवा एडवर्ड, १९११ पासून पाचवा जॉर्ज, शेवटी सहावा जॉर्ज. "ईस्ट इंडिया" असं लिहिलेलं व्हिक्टोरियाचं तिकीट हे नुसतं "इंडिया" लिहिलेल्यापेक्षा जुनं, १८८२ पासून ईस्ट शब्द गेला. १९२५ मध्ये नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस सुरू झाला आणि त्यानंतर आपली तिकिटं तिथे छापायला लागली, त्याआधी वर्षानुवर्षं ती लंडनहून डी ला रू कंपनीकडून छापून यायची. ज्यांच्या घरात कुणी नाशिकच्या प्रेसमध्ये कामाला होतं त्यांच्याकडे कधीकधी जुनी ब्लॉकमध्ये, म्हणजे एकमेकांना जोडलेली तशीच, जपलेली तिकिटं मिळतात, ती सुटी करू नका, चारचा ब्लॉक तसाच ठेवा, कडेच्या पांढऱ्या पट्टीसकट.

सगळ्यात जुनं म्हणजे सिंध डाक. १८५२ मध्ये कराचीला सिंधचा कमिशनर बार्टल फ्रियरने काढलं, गोल, उठावाचं, आशियातलं पहिलं चिकटवायचं तिकीट. तुमच्या अल्बमात पहिल्याच पानावर ते दिसलं तर लगेच आनंदून जाऊ नका कारण त्याच्या नकला प्रचंड आहेत, पूर्वीपासून. त्यानंतर १८५४ ची, कलकत्त्याला दगडावरून छापलेली, अर्धा आणा निळं, एक आणा लाल, चार आणे लाल-निळं. यांना दाते नाहीत, कात्रीने कापायची, त्यामुळे चारही बाजूंना पांढरी किनार शिल्लक असेल तर भाव बराच जास्त, एका बाजूने डिझाईनमध्ये कात्री गेलेली असेल तर एकदम खाली. चार आण्याचं तर त्या काळी लोक अष्टकोनी कापायचे, चौकटीच्या आकाराप्रमाणे, तसं असेल तर चौकोनीच्या मानाने फारच कमी. या चार आण्याच्या तिकिटात राणीचं डोकं उलटं छापलं गेलेली काही तिकिटं आहेत, जगप्रसिद्ध चूक आहे, मोजकीच शिल्लक आहेत. ती घरच्या ट्रंकेत मिळेल असं धरून चालू नका, पण डोकं सरळ आहे ना ते बघायला एक सेकंद लागतो.

स्वातंत्र्यानंतरचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं, तिरंग्याचं, साडेतीन आण्याचं, वर "जय हिंद". ते खूप लोकांनी जपून ठेवलं त्यामुळे आजही सहज मिळतं. पण १५ ऑगस्ट १९४८ चा गांधींचा सेट वेगळा. दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये, स्वित्झर्लंडच्या कुर्वाझिए प्रेसमध्ये छापलेला. त्या काळात दहा रुपये म्हणजे केवढी रक्कम, छंद म्हणून कोण घेणार, म्हणून पहिली तीन बऱ्याच घरांत असतात आणि दहाचं नसतं. असेल तर ते वेगळं काढा, हात लावू नका, मागचा डिंक शाबूत आहे का नुसतं बघा. याच सेटवर "सर्व्हिस" असा काळा छाप मारलेली तिकिटं गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी केली होती, दहा रुपयांची फक्त शंभर. एप्रिल २०१७ मध्ये लंडनच्या स्टॅन्ले गिबन्स या तिकीट विक्रेत्या कंपनीने अशा चार तिकिटांची पट्टी ५ लाख पौंडांना विकली, तेव्हा सगळ्या पेपरांत बातमी होती आणि तेव्हापासून ज्याच्या त्याच्या संग्रहात सर्व्हिस गांधी सापडायला लागले. खोटा छाप मारणं सोपं आहे हो. साधं खरं तिकीट घ्यायचं आणि वर छाप मारायचा. खात्रीचं सर्टिफिकेट नसेल तर ते साधं गांधी तिकीटसुद्धा बिघडलेलं धरतात. काकांच्या अल्बमात बारा आण्याचं सर्व्हिस होतं, मी दोन जाणकारांना दाखवलं, दोघांनीही भिंगातून बघून परत दिलं, छापाची शाई शिक्क्याच्या वर आली होती. म्हणजे तिकीट पोस्टातून जाऊन आल्यावर कुणीतरी सर्व्हिस मारलं.

१९४९ ची पुरातत्त्व मालिका आपल्या घराघरांत असते, त्यात अजिंठ्याचा हत्ती, घारापुरीची त्रिमूर्ती, कोणार्कचा घोडा. त्यातलं एक आण्याचं बोधिसत्त्वाचं तिकीट नीट बघा, पहिल्यांदा मूर्ती आरशात दिसावी तशी उलटी छापली गेली आणि १९५० मध्ये सुधारून काढली. दोन्ही शेजारीशेजारी ठेवली की लगेच कळतं. दोन्ही महाग नाहीत, पण अल्बममध्ये दोन्ही लावलेली दिसली तर समजा की जमवणारा माणूस बारकाईने बघणारा होता आणि मग त्याच्या बाकीच्या "डुप्लिकेट" वाटणाऱ्या तिकिटांकडेही त्याच नजरेने बघायला हवं. याच मालिकेवर "भारतीय संरक्षा कटक कोरिया" असा देवनागरी छाप असेल तर ती १९५३ मध्ये कोरियाला गेलेल्या आपल्या सैन्यासाठीची. सैनिकाच्या घरात अशी तिकिटं पाकिटावर मिळाली तर फारच छान.

आपल्या लोकांची तिकिटं, म्हणजे टिळक १९५६, दोन आणे, महर्षी कर्वे १९५८, पंधरा नये पैसे (ते हयात असताना निघालेलं, शंभराव्या वाढदिवसाला), शिवाजी महाराज १९६१, ही मराठी घरात प्रेमाने जपलेली असतात आणि बाजारात किंमत फार नसते. ती घरातच ठेवा असं माझं प्रामाणिक मत. १९७० नंतरची तर लाखांच्या संख्येने छापलेली आहेत, पूर्ण कोरी शीटं लोकांनी गुंतवणूक म्हणून घेऊन ठेवली, तेव्हा तुमच्या वडिलांनी दर महिन्याला पोस्टातून आणलेले फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट), ब्रोशर, सगळं नीट असलं तरी फार मोठ्या आकड्याची अपेक्षा ठेवू नका. १९७३ च्या इंडिपेक्स प्रदर्शनाची मिनिएचर शीट (छोट्या पानावर छापलेली तिकिटं), आपली पहिलीच, बघा आहे का, डाग नसेल तर बरी.

१९७१ चं एक सांगायचं राहिलं. बांगलादेशच्या निर्वासितांसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैसे जादा लागायचे, त्यासाठी कुटुंब नियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर "रेफ्युजी रिलीफ" छापून दिलं होतं. छापील तिकीट अगदी साधं. पण सुरुवातीला पुरवठा पोचायच्या आत गावोगावच्या पोस्टांनी रबरी शिक्के करून मारले, ते वेगवेगळे आहेत आणि त्यांच्या मागे लागलेले लोक आहेत. म्हणून ही पाच पैशांची तिकिटं एका ढिगात न टाकता छाप बघून लावा.

मग संस्थानं. इथे महाराष्ट्रातल्या घरांत खरंच काहीतरी मिळायची शक्यता असते कारण कागद तिथेच फिरले. भोर संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, अर्धा आणा आणि एक आणा, हाताने ठसे मारल्यासारखी. होळकरांची इंदूरची, पवारांची धारची, शिंद्यांची म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावर ग्वाल्हेर असा इंग्रजी आणि देवनागरी छाप. मराठवाड्यात निजामाची, त्यावर उर्दूबरोबर देवनागरी आणि तेलुगू अक्षरंही बघायला मिळतात. गोव्याकडच्या घरात "इंडिया पोर्तुगेझा" लिहिलेली, १८७१ पासून १९६१ पर्यंत, जुनी रेईस आणि टांगामध्ये, १९५९ पासून सेंटाव्हो-एस्कुदोमध्ये. ही सगळी वेगळ्या स्टॉकबुकात. आणि संस्थानी तिकीट सुटं असण्यापेक्षा मूळ पत्रावर असेल तर गोष्टच वेगळी, मोडी लिहिलेल्या पत्रावर असेल तर मोडी वाचणाऱ्याकडून तारीख आणि गाव वाचून घ्या.

कोर्ट फी स्टॅम्प, हुंडीचे स्टॅम्प, पावतीवरचं रेव्हेन्यू तिकीट हे पोस्टाचं नाही पण टाकू नका, संस्थानी कोर्ट फी कागदांचा वेगळा बाजार आहे. गंमत म्हणजे १९०६ पासून अर्धा आणा आणि एक आण्याच्या तिकिटांवर "पोस्टेज आणि रेव्हेन्यू" असं दोन्ही लिहायला लागले, म्हणून पेनने सही मारलेली एडवर्ड आणि जॉर्जची तिकिटं पावत्यांवरून काढलेली असतात. पेनची रेघ म्हणजे पोस्टाचा शिक्का नाही, किंमत घटते.

पाकिटांकडे परत येतो, कारण मी तिथेच चुकलो होतो. पाकीट हातात घेतलं की चार गोष्टी वाचा: कुठून निघालं, कुठे पोचलं, किती दिवस लागले, वाटेत कुणी उघडलं का. मागच्या बाजूला पोचल्याचा शिक्का असतो तो बघायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या पाकिटांवर सेन्सॉरची पट्टी किंवा शिक्का असतो. साताऱ्याकडे, कोल्हापूरकडे ज्यांचे पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले त्यांच्याकडे फील्ड पोस्ट ऑफिसचे शिक्के असलेली कार्डं असतात, कधी पाचव्या जॉर्जच्या तिकिटावर "आय.ई.एफ." छाप, म्हणजे इंडियन एक्स्पीडिशनरी फोर्स. ते कार्ड पन्नास तिकिटांच्या पानापेक्षा मोलाचं असू शकतं, आणि विकायच्या आधी आतला मजकूर घरातल्यांना वाचून दाखवा. शिक्का पुसट असेल तर पत्त्यावरून अंदाज येतो, पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ च्या नंतरचं (ती पद्धत बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपल्या कोकणातले, संस्कृतचे कवी). एक नियम कायमचा पाळा, १९५० च्या आधीच्या कुठल्याही पाकिटावरचं तिकीट काढायचं नाही, आणि त्यानंतरचंही शिक्का स्वच्छ वाचता येत असेल तर नाही.

जे खरंच भिजवायचंय, म्हणजे फाटक्या पाकिटाचे तुकडे, ते साध्या कोमट पाण्यात चित्र वर ठेवून तरंगवा. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपोआप सुटतं, ओढायचं नाही. दुसऱ्या स्वच्छ पाण्यात एकदा बुडवून कोऱ्या पांढऱ्या कागदावर पालथं वाळत घाला, वर्तमानपत्रावर नको, शाई लागते. वाळलं की जाड पुस्तकाखाली. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळे भिजवा नाहीतर सगळी तिकिटं गुलाबी होतात. व्हिक्टोरियाच्या काळातली काही हिरवी-जांभळी तिकिटं पाण्यात रंग सोडतात, मुद्दाम तशी शाई वापरायचे म्हणजे लोकांनी शिक्का धुऊन परत वापरू नये. कोरं तिकीट मात्र कधीच भिजवायचं नाही. पानाला चिकटलं असेल तर झाकणाच्या डब्यात तळाला ओला स्पंज, वर जाळी, जाळीवर पान, झाकण लावून काही तास, आणि दर अर्ध्या तासाने बघायचं. दमटपणाने डिंक सुटतो. घाई केलीत की गेलं.

स्थिती बघणं हेच किंमतीतलं निम्मं काम. काळ्या टाईलवर तिकीट पालथं ठेवा, जिथे कागद पातळ झालाय तिथे काळं दिसतं, जुन्या हिंजने (तिकीट पानाला लावायची डिंकाची छोटी कागदी पट्टी) सोललेलं असतं ते. सगळे दाते मोजा, एक तुटका असला तरी फरक पडतो. चित्र चौकटीत मध्यभागी आहे का बघा. तपकिरी ठिपके, ज्याला डीलर लोक "रस्ट" म्हणतात, आपल्या हवेतला सगळ्यात मोठा शत्रू, ते शेजारच्या तिकिटावर पसरतात म्हणून अशी तिकिटं लगेच वेगळ्या पाकिटात. डिंक नव्यासारखा, हिंज न लागलेला असेल तर मिंटमध्ये सर्वात वरचा दर्जा. आणि सुरकुती घालवायला इस्त्री फिरवू नका, कुणी तसं सांगितलं तरी.

आता आकडा. कॅटलॉग घ्या, भारतासाठी स्टॅन्ले गिबन्स किंवा फिला इंडिया, जुनी आवृत्ती चालते, नंबर तेच राहतात. पण कॅटलॉगचा भाव म्हणजे तुमच्या हातात येणारे पैसे असं समजून बसू नका, गिबन्सचा भाव हा दुकानदार चांगल्या स्थितीतलं तिकीट गिऱ्हाईकाला विकतो तो, आणि सगळ्यात खालचा जो किमान भाव छापलेला असतो तो निव्वळ हाताळणीचा खर्च असतो, तिकिटाची किंमत नव्हे. म्हणून हजार साध्या तिकिटांना किमान भावाने गुणून जो आकडा येतो तो खोटा. माझा अनुभव असा की चांगल्या स्थितीतल्या मागणी असलेल्या मालाला कॅटलॉगच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत विचारणा झाली, साध्याला किलोवर.

मी वहीत असं केलं: ज्याचा कॅटलॉग भाव अमुक रकमेच्या वर आहे (मी पाचशे रुपये धरले) तेवढीच तिकिटं एकेक लिहायची, देश, साल, नंबर, मिंट की वापरलेलं, दोष काय, फोटो नंबर. बाकी सगळं पानाने किंवा डब्याने लिहायचं. सहा हजारांच्या आसपास तिकिटं होती, एकेक लिहिण्यालायक निघाली जेमतेम साठ. त्या साठांसाठी इंटरनेटवर विकल्या गेलेल्या व्यवहारांचे भाव बघितले. मागितलेला भाव बघू नका, कुणीही काहीही मागतं, एक रुपयाच्या तिकिटाला एक लाख लिहिलेलं असतं आणि घरातले तेवढंच बघून आपल्याला फोन करतात.

दाखवायला किमान तीन ठिकाणी जा. मुंबईत फोर्ट भागात जुने तिकीट विक्रेते आहेत, पुण्यात संग्राहकांच्या संस्था आहेत, महापेक्ससारखं प्रदर्शन भरलं की सगळे डीलर एका छताखाली मिळतात आणि तासाभरात खरा अंदाज येतो. जीपीओतला फिलाटेलिक ब्युरो नवीन तिकिटं छापील किंमतीला विकतो, जुनी विकत घेत नाही, पण तिथे येणारी माणसं जाणकार असतात, बोला त्यांच्याशी. पहिल्या भेटीत संग्रह घेऊन जाऊ नका, वही आणि फोटो घेऊन जा. मला एका विक्रेत्याने वही न बघता ट्रंकेचा एकगठ्ठा भाव सांगितला, आजच पैसे घ्या म्हणाला, आणि बोलताना त्याचा हात सारखा निजामाच्या निळ्या अल्बमकडे जात होता. मी नाही म्हटलं. नंतर दुसऱ्याने त्या एका अल्बमचेच त्याहून जास्त सांगितले. एकगठ्ठा विकायचं असेल तर विका, त्यात वेळ वाचतो, पण आपल्याकडे काय आहे हे कळल्यावर. फार किमतीचं काही निघालं तर त्याचं सर्टिफिकेट करून लिलावात द्या आणि कमिशन आधी लेखी घ्या.

भावंडांत वाटायचं असेल तर अल्बमचे तुकडे करू नका. आम्ही चुलतभावंडं पाच जण, आम्ही असं केलं की महागातली तिकिटं यादीसकट एकाच्या नावावर बँकेच्या लॉकरमध्ये, पाकिटांचे गठ्ठे माझ्याकडे कारण काकांची वही माझ्याकडे, आणि बिस्किटांचे डबे मुलांना. ठेवताना अल्बम उभे ठेवा, पुस्तकांसारखे, आडवे एकावर एक नको, वजनाने चिकटतात. सिलिका जेलच्या पुड्या कपाटात, तिकिटांना न लागता, दर पावसाळ्याआधी बदलायच्या. डांबराच्या गोळ्या अल्बमच्या पानात नको.

माझे अजून दोन गठ्ठे वाचायचे बाकी आहेत. रोज रात्री पाच पाकिटं, शिक्का वाचायचा, काकांच्या वहीतला सेक्शन शोधायचा आणि शेजारी टिक करायची.